गाणं ठरण्याआधी

रॉक संगीताच्या दर्दी श्रोत्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे. गाण्याचा डेमो म्हणजे त्याचं खरं रूप, आणि बाजारात आलेली रेकॉर्ड म्हणजे निर्माता, कंपनी आणि यंत्रं यांनी मिळून त्यावर चढवलेला मुलामा. एकटा गायक, हातात गिटार, समोर स्वस्तातला टेपरेकॉर्डर, मागे टेपची खरखर, एवढं असलं की ते प्रामाणिक. त्यात व्हायोलिनं आली, कोरस आला, आवाज दुहेरी झाला की ते बनावट. मला डेमो मनापासून आवडतात, पण ते आवडण्याचं हे कारण मला मान्य नाही. ते मानलं तर पक्क्या रेकॉर्डवर अन्याय होतोच, शिवाय डेमोमध्ये ऐकण्यासारखं जे असतं तेही हातचं सुटतं.

प्रसिद्ध गाण्याची एक अडचण असते. ते इतक्या वेळा कानांवर पडलेलं असतं की कोणीतरी अमुक सोडून तमुक निवडत ते घडवलं आहे, याचा विसर पडतो. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ ड्रमच्या त्या दणक्याशिवाय किंवा ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ त्या ठाय कडव्यांशिवाय असूच शकलं नसतं, असं वाटू लागतं. डेमो ही खात्री मोडतो. या गाण्याचं काय करायचं हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हतं, हे तो ऐकवतो. डेमोची ओढ सच्चेपणाची नाही, या अनिश्चिततेची आहे. आणि ती अनिश्चितता पक्कं गाणं आधीच कानांत बसलेल्या माणसालाच ऐकू येते. ज्याने मूळ रेकॉर्ड ऐकलेलीच नाही, त्याच्यासाठी डेमो म्हणजे बऱ्याचदा एक अर्धवट गाणं, एवढंच.

रॉकमध्ये टेप ही गाणं लिहिण्याची वही आहे, हे इथे लक्षात घेतलं पाहिजे. बीटल्सपैकी कोणालाही स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. चाल सुचली की ती डोक्यात जपायची नाहीतर टेपवर धरायची, हे दोनच मार्ग होते. कीथ रिचर्ड्सने आत्मचरित्रात सांगितलं आहे की ‘सॅटिस्फॅक्शन’ची गिटारची ओळ त्याला रात्री झोपेतच सुचली, उशाशी ठेवलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर सकाळी थोडीशी गिटार सापडली आणि पुढे बराच वेळ त्याचं घोरणं. या गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. १९६५ मध्ये गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हाही ती ओळ शेवटी ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारख्या वाद्यांनी वाजवावी असंच रिचर्ड्सच्या मनात होतं. गिटारचा तो फाटका, गुरगुरणारा आवाज म्हणजे त्या वाद्यांच्या जागी तात्पुरती ठेवलेली खूण होती. बाकीच्यांनी आहे तीच रेकॉर्ड बाजारात आणायचं ठरवलं. ज्या आवाजावरून ते गाणं आज जगभर ओळखलं जातं, तो त्याच्या कर्त्याच्या लेखी कच्चा होता. कच्चं कुठे संपतं आणि पक्कं कुठे सुरू होतं, ही रेषा श्रोत्यांना वाटते तितकी सरळ नसते.

डेमो कशाकशासाठी करत, ते थोडक्यात सांगता येईल : चाल विसरू नये म्हणून, साथीदारांना शिकवण्यासाठी, प्रकाशकाला किंवा कंपनीला ऐकवण्यासाठी. यांतलं कोणतंही काम करताना तुम्ही-आम्ही पुढे कधी हे ऐकू, असा विचार गायकाच्या मनात नसतो. त्याचं मोल पुढे येईलच.

आता ज्या गाण्यावर माझं सगळं म्हणणं तोलून पाहता येईल त्याच्याकडे येतो. १९६६ च्या शरद ऋतूत जॉन लेनन एका चित्रपटात काम करण्यासाठी स्पेनमधल्या अल्मेरिया भागात होता. चित्रीकरणात रिकामा वेळ भरपूर. तिथे त्याने ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ रचायला घेतलं. मग इंग्लंडला परतल्यावर वेब्रिजच्या घरी त्याने टेपवर त्याची चाचपणी केली. या टेपांचे तुकडे १९९६ मध्ये ‘अँथॉलॉजी २’ या संचात अधिकृतपणे आले. त्यांत लेनन गिटारवर चाल शोधतो, अडखळतो, थांबतो, पुन्हा धरतो. गाणं साधं आहे, जवळजवळ लोकगीताच्या वळणाचं. नोव्हेंबरच्या अखेरीस ते ईएमआयच्या स्टुडिओत गेलं, आणि तिथला पहिला टेक ध्रुवपदाने सुरूच होत नाही. तो थेट कडव्यात शिरतो. ज्या ध्रुवपदाने आपल्याला या गाण्याच्या दारातून आत नेलं, ते दारात नव्हतं. हा टेक विलक्षण कोमल आहे. तिथेच थांबले असते तरी एक सुंदर गाणं झालंच असतं, आणि आपण त्याच्यावर खूशही राहिलो असतो.

ते थांबले नाहीत. मेलोट्रॉन या कळवाद्याची ती ओळखीची सुरुवात आली, ध्रुवपद पुढे आलं, ठेका जड झाला. सातव्या टेकवर एक रूप सिद्ध झालं. लेननचं तरीही समाधान झालं नाही. त्याला काहीतरी अधिक आक्रमक हवं होतं. निर्माता जॉर्ज मार्टिनने ट्रम्पेट आणि चेलो यांच्यासाठी स्वतंत्र वाद्यरचना लिहिली, ड्रम नव्याने वाजवले गेले आणि सव्विसावा टेक तयार झाला. मग लेनन म्हणाला, त्या रूपाची सुरुवात हवी आणि या रूपाचा शेवट. दोन्हींची लय वेगळी, दोन्हींचा सूर वेगळा. मार्टिन आणि तंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी एका टेपची गती वाढवून आणि दुसरीची उतरवून, सूर आणि लय जुळवून, साधारण पहिल्या मिनिटाच्या शेवटी दोन्ही जोडल्या. लेननचा आवाज त्यामुळे किंचित जड, पेंगुळलेला, या जगातला नसल्यासारखा झाला. फेब्रुवारी १९६७ मध्ये रेकॉर्ड बाहेर आली.

आता सांगा, यातलं खरं कोणतं? वेब्रिजच्या घरातला लेनन खरा आणि तो पेंगुळलेला आवाज खोटा? लहानपणीच्या एका जागेची आठवण आणि स्वतःच्या वेगळेपणाची शंका, हा या गाण्याचा गाभा. तो गाभा घरच्या टेपवर शब्दांत आहे. पक्क्या रेकॉर्डमध्ये तो ध्वनीतच उतरला आहे. तिथे पायाखालची जमीन खरोखरच सरकते, कारण दोन वेगवेगळ्या दिवसांचे, दोन वेगवेगळ्या सुरांचे तुकडे तिथे एकमेकांना चिकटवले आहेत. मुलामा म्हणतात तो हा नव्हे. गाणं त्या स्टुडिओत अजून रचलंच जात होतं. आणि ते रचणं लेननच्या मनात पुढेही संपलं नाही. हे गाणं पुन्हा नव्याने ध्वनिमुद्रित करायला आवडेल, असं त्याने नंतर बोलून दाखवल्याचं मार्टिनने नोंदवलं आहे. कर्त्यालाच जे पक्कं वाटत नव्हतं, ते आपण पक्कं मानून बसलो आहोत. पहिला टेक, सातवा टेक आणि रेकॉर्ड पाठोपाठ ऐकली की या प्रत्येक वळणावर गाणं दुसरीकडे जाऊ शकत होतं हे कानांना कळतं. ते कळल्यानंतर मूळ रेकॉर्ड पुन्हा लावावी. ती अधिक धाडसी वाटते.

ख्याल ऐकत वाढलेल्या कानाला यात अनोळखी काही नाही. मैफिलीत गायक राग आपल्यासमोर उलगडतो, एक जागा घेऊन पाहतो, सोडतो, दुसरीकडून येतो. तीच बंदिश तोच गवई उद्या निराळी गाईल हे श्रोत्याने गृहीतच धरलेलं असतं. तिथे विचार करणं हेच गाणं आहे. रॉक रेकॉर्ड याच्या उलट टोकाला आहे. तिथे ध्वनिमुद्रण हीच कलाकृती, आणि सगळा विचार ती बाहेर येण्याआधी बंद दाराआड उरकलेला. त्यामुळे डेमो रॉकच्या श्रोत्याला जे मोठ्या अप्रूपाने देतो, ते मैफिलीचा श्रोता रोजच घेत आला आहे. पण एक फरक मोठा आहे. मैफिलीत पुढची जागा काय येणार हे गायकालाही पुरतं ठाऊक नसतं आणि आपल्यालाही. डेमोमध्ये गायकाला ठाऊक नाही. आपल्याला मात्र आहे. त्याच्या अडखळण्याच्या पुढे काय आहे ते आपण जाणतो आणि तो जाणत नाही, यातून एक माया निर्माण होते. डेमो ऐकताना जे आतून हलतं, त्याचं पुष्कळसं श्रेय मी या मायेला देतो.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यांत भक्कम पुरावा ब्रूस स्प्रिंगस्टीनचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं योग्य होणार नाही.

१९७९ मध्ये टीॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ नावाचं यंत्र आणलं. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक ध्वनिमुद्रित करण्याची सोय त्यात होती. ३ जानेवारी १९८२ या दिवशी न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, स्प्रिंगस्टीनने असं एक यंत्र, दोन मायक्रोफोन आणि मदतीला तंत्रज्ञ माइक बॅटलान एवढ्या सामग्रीवर गाण्यांची एक जंत्री टेपवर घेतली. गुन्हेगार, बेकार कामगार, कर्जाने पिचलेली माणसं यांची ही गाणी. चार ट्रॅक एकत्र करून ती उतरवली पॅनासॉनिकच्या एका जुन्या बूमबॉक्सवर. हेतू एवढाच, की बँडला चाली कळाव्यात. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून फिरत होता. मग न्यू यॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत आपल्या ई स्ट्रीट बँडबरोबर तीच गाणी वाजवली गेली, आणि त्यातली बरीचशी जमेनात. शेवटी त्याने खिशातली कॅसेटच रेकॉर्ड म्हणून काढायचं ठरवलं. तंत्रज्ञांची कसोटी लागली, कारण त्या कॅसेटवरून चांगली लाखेची तबकडी कापून निघेना. ३० सप्टेंबर १९८२ रोजी ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाली.

झालं, म्हणतात डेमोचे भक्त : स्टुडिओने जे बिघडवलं ते झोपायच्या खोलीने वाचवलं. पण याच कॅसेटवर आणखी एक गाणं होतं, ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’. ते ‘नेब्रास्का’त आलं नाही. त्याचा तो डेमो १९९८ च्या ‘ट्रॅक्स’ संचात ऐकायला मिळतो. गिटारची एकच चाल फिरत राहते, आवाज दबका, प्रतिध्वनीत बुडालेला. व्हिएतनामहून परतलेल्या आणि देशाने वाऱ्यावर सोडलेल्या सैनिकाची ही व्यथा आहे हे समजायला क्षणही लागत नाही. १९८४ मध्ये तेच गाणं बँडसह बाहेर आलं तेव्हा त्यावर रॉय बिटनच्या सिंथेसायझरची तुतारी होती आणि मॅक्स वाइनबर्गचे तोफेसारखे ड्रम. देशभर मुठी वर झाल्या. सप्टेंबर १९८४ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा गौरवाने उल्लेख केला. मग डेमोच अर्थाशी इमानी राहिला आणि रेकॉर्डने दगा दिला, असं म्हणायचं का?

मी तसं म्हणणार नाही. डेमोमध्ये एकच भावना आहे, ती पूर्ण आहे आणि तिच्याशी कोणाचा वाद होऊ शकत नाही. रेकॉर्डमध्ये दोन आहेत. कडव्यांत माणूस सगळीकडून हाकलला जातो आणि ध्रुवपदात तोच माणूस आपल्या जन्मभूमीवरचा हक्क घसा फोडून सांगतो. ज्या देशाने लाथाडलं त्याच देशाचं नाव ओरडण्यात राग, अभिमान आणि अपमान एकमेकांत गुंतले आहेत. तो दणदणाट काढून टाकला की अर्थ स्वच्छ होतो, पण लहानही होतो. लोकांनी ध्रुवपद ऐकलं आणि कडवी ऐकली नाहीत, हा ऐकण्याचा दोष. तो गाण्याच्या माथी मारता येणार नाही. त्या डेमोचं मोठेपण मला वेगळ्या जागी दिसतं. तो ऐकून आल्यावर रेकॉर्डमधली कडवी ऐकण्यावाचून सुटका राहत नाही.

एकाच कॅसेटवरची ही गाणी. काहींना खोलीच पुरली, एकाला बँड लागला. खोली श्रेष्ठ की स्टुडिओ श्रेष्ठ, असा नियम यातून निघत नाही. निघतो तो एक निर्णय, प्रत्येक गाण्यापुरता वेगळा घेतलेला. ‘नेब्रास्का’ची थोरवी तिच्या खरखरीत नाही. ही खरखर राहू द्यायची, असं म्हणण्याची स्प्रिंगस्टीनची तयारी होती, त्यात ती आहे. बँडसह केलेली त्या वेळची ध्वनिमुद्रणं ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘नेब्रास्का ८२’ या संचात अखेर प्रसिद्ध झाली. ती वाईट नाहीत. म्हणूनच त्यांना नकार देणं किती अवघड गेलं असेल ते कळतं. इथे गंमत अशी, की पक्का ठरलेला डेमो आपल्या कानांत बसला आहे आणि बँडची रूपं आता आपल्याला डेमोसारखी ऐकू येतात : गाणं ज्या वाटेने जाऊ शकलं असतं आणि गेलं नाही, ती वाट.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात ‘डेमोआयटिस’ असा एक शब्दच आहे. कच्च्या ध्वनिमुद्रणाची इतकी सवय होते की नंतरचं कुठलंही रूप बेचव वाटू लागतं. निर्माते त्याला आजार समजतात, आणि बऱ्याचदा ते बरोबरच असतात. पण पीट टाउनशेंडकडे पाहिलं की हा आजार कामाचाही ठरतो असं दिसतं. द हू या बँडची गाणी तो घरी एकट्याने पूर्ण बांधत असे, बास आणि ड्रमसकट. ते डेमो इतके नेटके, की त्यांचे ‘स्कूप’ नावाचे तीन संच पुढे निघाले. १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ या रेकॉर्डमध्ये ‘बाबा ओ’रायली’ची सुरुवात होते ती लाउरी ऑर्गनच्या झरझर फिरणाऱ्या आवर्तनांनी. हा थर टाउनशेंडने डेमोसाठी घरीच वाजवलेला. ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मधला विजेसारखा थरथरणारा ऑर्गनही डेमोतलाच. पुन्हा तसं साधेना म्हणून बँडने डेमोवरच आपले थर चढवले. कीथ मूनसारख्या लगाम न मानणाऱ्या ड्रमवादकाला कानांवर हेडफोन लावून एका टेपच्या शिस्तीत वाजवावं लागलं, आणि त्या ओढाताणीतून त्या गाण्याचा जोर आला. म्हणजे पक्क्या रेकॉर्डच्या पोटात डेमो जिवंत आहे.

‘बाबा ओ’रायली’ या नावातले ‘बाबा’ म्हणजे आपल्याकडचे मेहेरबाबा. १८९४ मध्ये पुण्यात जन्मलेले मेरवान शेरियार इराणी. अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला त्यांची समाधी आहे. टाउनशेंड त्यांचा अनुयायी, आणि नावाचा उरलेला भाग अमेरिकी संगीतकार टेरी रायली याचा. माणसाविषयीची माहिती यंत्राला पुरवून तिचं संगीत करायचं, अशी टाउनशेंडची त्या काळातली कल्पना होती. ‘लाइफहाउस’ या नावाचा तो मोठा प्रकल्प तडीस गेला नाही, आणि त्याचे उरलेले तुकडे ‘हूज नेक्स्ट’ झाले. ती आवर्तनं ऐकताना त्यांच्यामागची मूळ कल्पना केवढी मोठी होती, हे डेमोंमुळेच कळतं. पुण्या-नगरच्या वाचकाने निदान एवढ्यासाठी ते ऐकावेत असं मला वाटतं.

भारताशी जोडलेली डेमोंची दुसरी मोठी रास बीटल्सची आहे. १९६८ च्या सुरुवातीला ते महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमात राहिले. गिटारी होत्या, स्टुडिओ नव्हता, म्हणून गाणी साचत गेली. परतल्यावर मे महिन्यात एशर इथल्या जॉर्ज हॅरिसनच्या बंगल्यात चार ट्रॅकच्या यंत्रावर त्यांचे डेमो झाले. त्यातले २७ डेमो २०१८ मध्ये ‘व्हाइट अल्बम’च्या विस्तारित आवृत्तीत आले. टाळ्या, हसणं, एकमेकांच्या आवाजात आवाज. हा बँड तेव्हा फुटू लागला होता, अशी कहाणी आपण वाचत आलो. पुढच्या काही महिन्यांत स्टुडिओत खरंच खटके उडाले, रिंगो स्टार काही दिवस निघूनही गेला. पण मे महिन्यातल्या त्या टेपांवर फूट ऐकू येत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांना शेवट ठाऊक असतो, आणि तो मागे नेऊन सगळीकडे चिकटवण्याचा मोह होतो. या टेपा त्या मोहाला अडवतात. तिथे लेननचं ‘चाइल्ड ऑफ नेचर’ नावाचं गाणं आहे, ऋषिकेशच्या आठवणीचं, निसर्गाच्या लेकराचं. ते ‘व्हाइट अल्बम’मध्ये आलं नाही. तीच चाल १९७१ मध्ये शब्द बदलून ‘जेलस गाय’ झाली : आपल्या मत्सराची कबुली देऊन क्षमा मागणाऱ्या नवऱ्याचं गाणं. जी चाल क्षमा मागण्यासाठीच जन्मली असं वाटतं, ती तीन वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी फिरत होती. शब्द आणि सूर यांचं अतूट नातं वगैरे आपण सहज बोलून जातो. त्या बोलण्याला या डेमोने जरा धाक बसतो.

‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’चा १९९१ मधला डेमो तर ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने भयानक आहे. सरावाच्या जागेत बूमबॉक्स ठेवलेला, आवाज त्याला न पेलणारा, सगळं फाटलेलं. निर्माता बुच विग याच्याकडे ही कॅसेट गेली, आणि त्या गोंगाटातूनही त्याला आत काय आहे ते ऐकू आलं. २००४ च्या ‘विथ द लाइट्स आउट’ संचात तो आहे. शब्द जागच्या जागी आलेले नाहीत, पण गाण्याचा सांगाडा उभा आहे. कर्ट कोबेनने आणलेला गिटारचा तुकडा बँडने बराच वेळ घोळवला, आणि कडवी संथ करण्याची सूचना बासवादक क्रिस्ट नोवोसेलिचची. या गाण्याच्या श्रेयात बँडमधल्या तिघांचीही नावं आहेत ती त्यामुळे. पुढे हे गाणं ज्या रेकॉर्डवर आलं त्या ‘नेव्हरमाइंड’च्या गुळगुळीतपणाविषयी कोबेनने नाराजी बोलून दाखवली. त्याच रेकॉर्डवरचं ‘पॉली’ मात्र एप्रिल १९९० मध्ये मॅडिसनच्या स्मार्ट स्टुडिओत घेतलेल्या आधीच्या ध्वनिमुद्रणातलं आहे, जसंच्या तसं. कोबेन एक ओळ चुकून लवकर सुरू करतो तीही तिथे आहे. लाखोंनी ती चूक पाठ केली आहे.

घरी केलं म्हणजे ओबडधोबडच होणार, हाही गैरसमज. बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ पोलरॉइड कंपनीत इंजिनियर होता. १९७६ ची त्यांची पहिली रेकॉर्ड बहुतांशी त्याच्या घराच्या तळघरात, डेमोंवरून हुबेहूब पुन्हा वाजवून झाली, आणि सत्तरच्या दशकातल्या सर्वांत चकचकीत रेकॉर्डांत ती गणली जाते.

एक प्रश्न मला सतावतो. हे सगळं ऐकण्याचा आपल्याला अधिकार आहे का? कोणी ऐकेल असं गायकाच्या मनात नसताना केलेल्या ध्वनिमुद्रणाचं मोल मोठं, असं मी वर सुचवलं. त्याच मोलाला धक्का लावून आपण ते ऐकतो. पीजे हार्वेने १९९३ मध्ये ‘रिड ऑफ मी’ काढली आणि त्याच वर्षी तिचेच घरगुती डेमो स्वतः प्रसिद्ध केले. तिथे प्रश्नच उरत नाही. २०१९ मध्ये रेडिओहेडच्या ‘ओके कम्प्युटर’ काळातल्या मिनीडिस्क चोरीला गेल्या, तेव्हा बँडने तो तासन् तासांचा ऐवज स्वतःच विक्रीला ठेवला आणि पैसे एक्स्टिंक्शन रिबेलियन या पर्यावरण चळवळीला दिले. जेफ बकलीचं तसं झालं नाही. २९ मे १९९७ रोजी मेम्फिसला नदीत बुडून तो गेला. निर्माता टॉम व्हर्लेनबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणांवर तो खूश नव्हता, नव्याने करण्याच्या तयारीत होता. पुढच्या वर्षी ती, आणि त्याचे घरचे चार ट्रॅकचे डेमो, रेकॉर्ड म्हणून बाहेर आले. शीर्षकात ‘स्केचेस’, म्हणजे आराखडे, हा शब्द घातला हे योग्य झालं. अशा ध्वनिमुद्रणांना हे एवढं लेबल तरी लागलंच पाहिजे. कर्त्याने नाकारलेलं काम त्याचं शेवटचं म्हणणं म्हणून विकणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि श्रोत्याची दिशाभूलही.

गेल्या काही वर्षांत याहून मोठा धोका पुढे आला आहे, स्वच्छतेचा. लेननने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या घरी पियानोवर गायलेल्या काही डेमोंची कॅसेट १९९४ मध्ये योको ओनोने पॉल मॅकार्टनीला दिली. त्यातून ‘फ्री ॲज अ बर्ड’ आणि ‘रिअल लव्ह’ ही गाणी झाली. तिसरं, ‘नाऊ अँड देन’, सोडून द्यावं लागलं. पियानो आवाजावर चढत होता आणि विजेची घरघर निघेना. पुढे चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने विकसित केलेल्या तंत्राने आवाज आणि पियानो वेगळे झाले आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी ते गाणं बाहेर आलं. ऐकायला लेनन जणू काल स्टुडिओत येऊन गेला. मॅकार्टनीचं प्रेम त्यात उघड आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण लेननच्या रचनेतला एक अख्खा भाग त्या गाण्यातून गाळला गेला आहे. तो भाग ठेवायचा की नाही हे लेननने ठरवलेलं नव्हतं. डेमोमध्ये जे मोकळं होतं ते दुसऱ्यांनी बंद केलं, कर्ता हयात नसताना. आणि आवाजाभोवतीची खोली पुसली की तो आवाज कधीचा, कुठला, कोणत्या मनःस्थितीतला, याची साक्षही पुसली जाते. एवढा स्वच्छ केलेला डेमो मग डेमो राहत नाही आणि पूर्ण गाणंही होत नाही.

नव्या गाण्यांच्या बाबतीत तर पुसायलाही काही उरणार नाही अशी भीती आहे. पूर्वी डेमो वेगळ्या कॅसेटवर असे. पक्कं गाणं वेगळ्या टेपवर. आता लॅपटॉपवर एकाच फाइलमध्ये गाणं वाढत जातं आणि कालचं रूप आजच्या रूपाखाली गाडलं जातं. सोय मोठी आहे, पण वाट पुसत चालण्याची सवय तिच्यातून लागते.

म्हणून दोन विनंत्या. ज्यांच्याकडे जुन्या टेपा आहेत अशा कंपन्यांनी आणि वारसांनी त्या दुरुस्त करून विकल्या तरी हरकत नाही. पण त्यासोबत मूळ टेप जशी आहे तशी, घरघरीसकट, तारीख आणि जागा लिहून द्यावी. आणि पुण्या-मुंबईत, गोव्यात, शिलाँगमध्ये जे आज स्वतःची गाणी रचत आहेत, त्यांनी प्रत्येक रूपाची प्रत तारीख घालून वेगळी ठेवावी, गाणं फसलं असं वाटलं तरीही. त्यातलं काय बाहेर येऊ द्यायचं आणि काय नाही, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवावं. तो निर्णय दुसऱ्या कोणाचा नाही.